शाळा कोणाची?

काही वर्षांपूर्वी आमच्या उपनगरातील एका धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांची सभा भरली होती. विषय एकच होता : येत्या जूनपासून मराठी माध्यमाची पहिलीची तुकडी बंद करण्याचा. पटावर जेमतेम अकरा नावे होती. व्यवस्थापनाच्या वतीने आकडे वाचून दाखवण्यात आले. आकड्यांत खोट नव्हती, त्यामुळे विरोधही फारसा झाला नाही. सभा संपता संपता मागच्या बाकावरून गावठाणातले एक वयस्क गृहस्थ उठले. ते स्वतः त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी विचारले, "फादर, ही शाळा कोणाची?"

प्रश्न साधा होता, पण सभागृह क्षणभर गप्प झाले. जमीन चर्चची, नोंदणी संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा, पाठ्यपुस्तके मंडळाची, अशी उत्तरे एकामागून एक आली. "आमची" असे मात्र कोणी म्हणाले नाही. प्रश्न विचारणारे गृहस्थही म्हणाले नाहीत, आणि तेथे बसलेले आम्हीही म्हणालो नाही. ती रुखरुख आजही आमच्या मनात आहे. तिचाच मागोवा घेत या लेखात आम्ही आपल्या साष्टी बेटाच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या, शैक्षणिक इतिहासाकडे वळत आहोत. शाळा कोण काढतो, कोणाच्या पैशाने ती चालते आणि ती कोणाची होते, हे तीन प्रश्न वरवर एकच वाटतात. इतिहासात मात्र त्यांची उत्तरे निरनिराळी मिळतात.

सनद आणि अनुदान

प्रारंभी थोडे दूर जाऊ. अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाचा शाळांचा एक प्रकार आहे. चार्टर म्हणजे सनद. शिक्षकांनी किंवा पालकांनी एकत्र यावे, आपण काय व कसे शिकवणार हे लिहून द्यावे आणि सरकारने ठराविक वर्षांची सनद व सार्वजनिक पैसा द्यावा. शाळेने विद्यार्थ्यांकडून फी घेऊ नये, निवडून प्रवेश देऊ नये, आणि मुदत संपताच आपल्या कामाचा हिशेब द्यावा. या कल्पनेला हे नाव दिले रे बड या प्राध्यापकांनी. १९८८ साली शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी तिचा जाहीर पुरस्कार केला. १९९१ साली मिनेसोटा राज्याने तसा कायदा केला आणि १९९२ साली त्याच राज्यातील सेंट पॉल शहरात 'सिटी अकॅडमी' ही पहिली सनदी शाळा उघडली. ती शिक्षकांनी काढली होती. शिक्षण अर्ध्यावर सुटलेली सुमारे पस्तीस मुले तिच्यात होती, आणि नगरपालिकेच्या एका क्रीडाकेंद्राच्या जागेत तिचे वर्ग भरत. पुढे या क्षेत्रात नफ्यासाठी शाळा चालवणाऱ्या कंपन्या शिरल्या, तेव्हा स्वतः शँकर या चळवळीचे टीकाकार बनले. तो भाग निराळा.

ही कल्पना ऐकताना आपल्याकडील जुन्या पिढीच्या शिक्षकांना काहीतरी ओळखीचे वाटावे. १९ जुलै १८५४ रोजीच्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात अनुदानपद्धतीचा पाया घातला. खाजगी व्यक्ती वा संस्थेने शाळा काढावी आणि सरकारने तिला मदत करावी, हे तिचे सूत्र. अटी थोड्याच होत्या : शाळेत चांगले लौकिक शिक्षण मिळावे, तिचे व्यवस्थापन स्थानिक व विश्वासपात्र असावे, विद्यार्थ्यांकडून अल्प का होईना फी घेतली जावी आणि सरकारी तपासनीसास दार उघडे असावे. धर्मशिक्षणात सरकारने लक्ष घालायचे नव्हते. मुंबई इलाख्यात पुढे काही काळ परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजले जाई. थोडक्यात, 'सनदी शाळे'चा देशी अवतार आपण दीड शतकाहून अधिक काळ अनुदानित शाळा या नावाने ओळखत आलो आहोत. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या नामवंत शाळा याच वाटेने वाढल्या. लोकांनी त्या काढल्या, सरकारने त्यांना हातभार लावला.

साष्टीतील वाट

आपल्या समाजात शाळेचा आरंभ देवळाच्या आवारात झाला. सोळाव्या शतकात बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन व्रतस्थांनी विद्यालय स्थापन केले. मराठ्यांनी साष्टी व १७३९ साली वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज राजसत्ता गेली आणि तिच्या आधारावर उभ्या असलेल्या शिक्षणसंस्थाही ढासळल्या. उरली ती गावे, धर्मग्रामे आणि गावांची मराठी बोली. आपल्या पूर्वजांची ती भाषा एवढी घट्ट होती की १६५९ साली लिस्बनमध्ये छापलेले फ्रान्सिस्कू व्हाझ द गिमारायंश यांचे मराठी पुराण पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापावे लागले. उपवासकाळात ते घरोघर गायले जाई. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही त्यातील ओव्या मुखोद्गत असत. शाळा नव्हती तेथे शाळेचे काम या गायनाने केले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

राज्यकर्ते बदलत असतानाच, इंग्रज व मराठे यांच्यात युद्ध चालू असलेल्या १७८० साली, वांद्र्याच्या संत आंद्रेयाच्या देवळाचे तत्कालीन प्रमुख धर्मगुरू फादर फ्रान्सिस्कू द मेलो यांनी मुलांसाठी शाळा सुरू केली. आजची सेंट अँड्र्यूज शाळा ती हीच. वुडच्या खलित्याच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधी, मागे कोणतेही अनुदान नसताना उभी राहिलेली ही शाळा होती. तिचे संस्थापक धर्मगुरू असले तरी आधार धर्मग्रामाचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्या शंभर वर्षांत आगगाडी आली, गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या. इंग्रजी जाणणाऱ्यास नोकरी मिळू लागली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि त्याच नावाची संघटना स्थापन केली. नोकऱ्यांच्या स्पर्धेत आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत हे सांगण्याची निकड त्यामागे होती. ज्या समाजाची घरची बोली मराठी, त्याने इंग्रजी नाव घेतले आणि हळूहळू मुलांनाही इंग्रजी शाळांत घातले. याबद्दल आम्ही पूर्वजांना दोष देत नाही, कारण पोट हा फार मोठा शिक्षक आहे. परंतु याच काळात आपल्या शाळा मोठ्या व्रतस्थ संस्थांच्या हाती गेल्या. त्यांनी त्या उत्तम चालवल्या, नावारूपाला आणल्या. आपण मात्र शाळेचे आधार होतो ते शाळेचे आश्रित झालो. प्रवेशाच्या दिवशी रांगेत उभे राहणे एवढाच आपला शाळेशी संबंध उरला.

पार्ल्याची गोष्ट

आता शेजारी पाहू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली नियमित गाडी धावली. तिच्या स्थानकांत अंधेरी होते, पार्ले नव्हते. भातशेती, वाड्या आणि गावठाणे असा तो प्रदेश होता. १८९६ च्या प्लेगने मुंबईकरांस मोकळ्या हवेची वाट दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर शहरात जागा मिळेना, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबे रुळांच्या कडेने उत्तरेकडे सरकू लागली. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. नकाशावर उपनगर आले, पण शाळा नव्हती, किंवा होती ती दूर होती. सकाळी कर्ता पुरुष गाडीने कचेरीस जाई. लहान मुलाने कोठे जावे, हा प्रश्न मागे घरातल्या बाईस पडे.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईत निवर्तले. त्यांचे स्मारक म्हणून पुतळे उभारण्याचे मनसुबे ठिकठिकाणी चालले असतील. पार्ल्याच्या रहिवाशांनी शाळा काढायचे ठरवले. ९ जून १९२१ रोजी पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. दोनच वर्षांनी, १९२३ साली, त्याच गावात लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. वस्ती लहान होती, माणसे पगारदार होती, कोणी राजे वा शेठ त्यांच्या मागे उभे होते असे नाही. तरीही एका दशकाच्या आत या गावाने शाळा उभी केली, समाजकार्याची संस्था उभी केली आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी देशभर गाजली. शाळा आणि सार्वजनिक जीवन ही एकमेकांना कशी वाढवतात, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या उपनगरांत आम्हांस तरी ठाऊक नाही. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा लेखक याच शाळेच्या बाकांवरून उठला. हे शाळेचे भाग्य खरे, पण पार्ल्याचेही भाग्य.

नमुना अर्थात टिळकांनीच घालून दिलेला होता. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. तेथे संस्थापक हेच शिक्षक होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि अल्प वेतनावर वर्षानुवर्षे शिकवण्याचे व्रत घेणाऱ्या आजीव सेवकांची प्रथा रूढ झाली. व्रतस्थ जीवन जवळून पाहणाऱ्या आपल्या वाचकांस या प्रथेतील साम्य वेगळे दाखवायला नको. मुंबईतही शिक्षकाने शाळा काढण्याची परंपरा पुढे चालली. १९४० साली दादरला शिवराम दत्तात्रय उर्फ दादासाहेब रेगे यांनी सुरू केलेले बालमोहन विद्यामंदिर हे तिचे ठळक उदाहरण.

येथे एक आठवण आपल्या समाजाने मुद्दाम जपावी अशी आहे. टिळकांच्या निकटच्या सहकाऱ्यांत जोसेफ बॅप्टिस्टा होते. माझगावात १८६४ साली जन्मलेले हे ईस्ट इंडियन बॅरिस्टर १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, गिरणीकामगारांचे 'काका' म्हणून ओळखले गेले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. टिळकांच्या स्वराज्याच्या मागणीत आपल्या समाजाचा हात होता. स्वराज्य म्हणजे आपल्या कारभाराची जबाबदारी आपण घेणे. पार्ल्याच्या शेजाऱ्यांनी हा अर्थ शाळेला लावला. आपण तो राजकारणापुरता ठेवला, शाळेपर्यंत नेला नाही.

दाराबाहेरचे

हे चित्र येथेच संपवले तर ते एकांगी होईल. पालक शाळा काढतात म्हणजे कोणते पालक काढतात? ज्यांना सभेला यायला संध्याकाळ मोकळी असते, वर्गणीला चार रुपये असतात आणि अर्ज लिहायला भाषा असते, ते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच बजावले होते. कर देतो शेतकरी आणि शिक्षणाचा लाभ होतो वरच्या थरास, म्हणून सरकारने प्राथमिक शिक्षणाकडे आधी पाहावे, असे त्यांचे सांगणे होते. उपनगरांतील पगारदारांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या. पण गावठाणातील भंडारी, कोळी, आगरी यांच्या आणि खाणीवर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढायला त्यांचे आईबाप कोठून वेळ आणणार होते? त्यांच्यासाठी पालिकेची शाळा हवी होती, मिशनची शाळा हवी होती. त्या नसत्या तर अनेक घरांत पहिले अक्षर शिरलेच नसते.

म्हणून अनुदानाचे मोल. सार्वजनिक पैसा आला की दार सर्वांना उघडे ठेवावे लागते. चार घरांची शाळा गावाची होते ती तेव्हाच. पुढाकार घेणारे पालक, जीव लावणारे शिक्षक आणि सार्वजनिक पैसा, या तीन चुलीच्या दगडांवर शाळेचे भांडे बसते. एक दगड काढला की ते कलंडते. नुसत्या पैशाची शाळा कचेरी होते, आणि नुसत्या पुढाकाराची शाळा मूठभरांची होते. शिक्षकांवाचून तर शाळाच होत नाही.

आपलेपण कोठे गेले?

स्वातंत्र्यानंतर अनुदान वाढत गेले आणि शिक्षकांचे वेतन सरकार देऊ लागले. शिक्षकाला सुरक्षितता मिळाली, ती मिळायलाच हवी होती. परंतु ज्या पालकांनी शाळा काढली त्यांची नातवंडे त्याच शाळेकडे सरकारी सोय म्हणून पाहू लागली. नंतर वारे फिरले. सरकारने नव्या शाळांना अनुदान देण्यास हात आखडता घेतला, विनाअनुदानित शाळा वाढल्या, आणि २०१२ च्या कायद्याने स्वयं-अर्थसहाय्यित शाळांचा राजमार्ग खुला झाला. आता पैसा पालकांचा, पण शाळा संस्थाचालकाची. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाला अधिकार दिला तो फीविषयी बोलण्याचा. आजा शाळेचा संस्थापक होता, बाप लाभार्थी झाला आणि नातू ग्राहक झाला, असा हा तीन पिढ्यांचा प्रवास आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट जागा पालकांना दिल्या. जुना धागा पुन्हा जोडण्याची ती संधी होती. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला अल्पसंख्याकांचा हक्क आम्ही मोलाचा मानतो. पण तो हक्क समाजाला दिलेला आहे, आणि समाज म्हणजे केवळ संस्थाचालक नव्हे. आईबाप हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या आपल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. कायदा पालकांना समितीत बसवण्याची सक्ती करीत नाही म्हणून आपण त्यांना बसवू नये, असे थोडेच आहे?

आणि असे करणारे लोक आपल्याच राज्यात आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन काढले. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी मराठी आपलीशी केली आणि वस्तीतल्या मुलांना ती वाचायला शिकवली. पुण्यात अक्षरनंदन ही शाळा १९९२ साली उघडली, म्हणजे ज्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा सुरू झाली त्याच वर्षी. या तिन्ही शाळा मराठी माध्यमाच्या, आणि तिन्ही आरंभी लहान. एकमेकांना न ओळखणारी माणसे पृथ्वीच्या दोन टोकांस एकाच वेळी एकच गोष्ट करीत होती, यात आम्हांस आशा दिसते. मुंबईतही काही पालिका शाळा स्वयंसेवी संस्था चालवू लागल्या आहेत. तेथे चांगले काम होते. परंतु त्यांचा उगम पालकांच्या सभेत नाही, हा फरक विसरून चालणार नाही.

अकरा नावे

आता पुन्हा त्या सभागृहात येऊ. पटावर अकरा नावे होती, म्हणून तुकडी बंद झाली. अकरा ही संख्या लहान खरी. पण सेंट पॉलच्या त्या शाळेत तरी किती मुले होती? नव्या शाळेचा आरंभ आणि जुन्या शाळेचा अंत, दोन्ही वेळी पट लहानच असतो. आरंभी त्या लहान पटाभोवती माणसे उभी असतात, अंती नसतात.

२०२० साली राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा आम्हांस आनंद आहे. परंतु सक्तीने विषय शिकवता येतो आणि दर्जाने मान मिळतो, शाळा मात्र त्याने उभी राहत नाही. पार्ले टिळक विद्यालयाची शताब्दी ९ जून २०२१ रोजी आली, तेव्हा महासाथीमुळे मुंबईतील शाळांच्या वर्गांना कुलपे होती आणि मुले घराघरांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिकत होती. त्या दोन वर्षांत प्रत्येक घराने एक गोष्ट अनुभवली : शाळेची इमारत बंद असतानाही शाळा चालवायची तर घर आणि शिक्षक या दोघांनाच ती चालवावी लागते. शंभर वर्षांपूर्वी पार्ल्याच्या संस्थापकांना हे ठाऊक होते. आपण ते विसरलो होतो.

आमची सूचना मोठी नाही. ज्या धर्मग्रामांत मराठी तुकड्या अजून तग धरून आहेत, तेथे त्या बंद करण्याचा विचार येण्यापूर्वी, आणि विचार आलाच तर निर्णयापूर्वी, पालक, आजी-माजी शिक्षक व माजी विद्यार्थी यांना एकत्र बोलवावे. हिशेबाची वही त्यांच्यासमोर उघडी ठेवावी. मुले का घटली, इंग्रजी चांगले शिकवले तर ती परततील का, शेजारच्या वस्तीतील कोणत्याही धर्माच्या मुलांसाठी दार उघडले आहे का, हे त्यांना विचारावे. कदाचित त्यानंतरही तुकडी बंद करावी लागेल. पण मग ती आपण बंद केली असे होईल, आपल्यावाचून ती बंद झाली असे होणार नाही.

ते वयस्क गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची आमची वेळ त्या संध्याकाळी हुकली. आज उशिरा का होईना ते देतो. शाळा जमिनीच्या मालकाची नसते, पगार देणाऱ्याची नसते, आणि फी भरणाऱ्याचीही नसते. जो तिची जबाबदारी घेतो त्याची ती असते. ती जबाबदारी आपण घेतली तर आमच्या धर्मग्रामातील पुढच्या सभेत तरी मागच्या बाकावरून कोणाला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.